भुतांचा एअरब्रश मेकअप रात्री उतरवायचा कसा?

कोलंबसची_कुंदा

मंडळी, प्रश्न विचित्र आहे. पण इथे रंगभूषेतले, रसायनशास्त्रातले आणि नुसतेच आगाऊ असे सगळे आहेत, म्हणून इथेच टाकते.

इथे ओहायोत हॅलोविनच्या आधी शेतांवरच्या जुन्या कोठारांमधून भूतबंगले लागतात. आपल्या जत्रेतल्यासारखे पाच मिनिटांत आटपणारे नव्हेत. अंधाऱ्या खोल्या, मग मक्याचं शेत, मग परत खोल्या, आणि जागोजागी हाडामांसाची माणसं भुतं होऊन दबा धरून बसलेली. सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत मोसम चालतो. यंदा मी मेकअपच्या खोलीत मदतीला जाते. तिथली मुख्य रंगभूषाकार एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या गनने, एकेकाला सात-आठ मिनिटांत प्रेत करून बाहेर काढते. चाळीसेक जणांना स्पंज-ब्रशने रंगवत बसलं तर शेवटच्याचा मेकअप होईतो पहिला प्रेक्षक घरी पोचलेला असेल.

चढवणं तिच्याकडे, उतरवणं माझ्याकडे. सध्या उतरवायच्या टेबलावर फक्त बाळांचे ओले वाइप्स आणि पेपर टॉवेल असतात. पोरं घासघास घासतात. गाल लाल होतात, राखाडी-हिरवा रंग कानामागे आणि केसांच्या कडेला तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी त्याच सोललेल्या कातडीवर परत फवारा, की हाय हाय सुरू. काहींना दाढी आहे. काहींच्या गालावर लेटेक्सच्या (रबराच्या चिकाच्या) नकली जखमा चिकटवलेल्या असतात.

टेबलावर काय काय ठेवू? बजेट बेताचं आहे. कोठारात नळ एकच, तोही गार पाण्याचा.

ठोंब्या

रात्री बारा वाजता भुतं मेकअप उतरवतात? आमच्याकडे त्याच वेळेला ड्युटीवर येतात.

रंगपट

कुंदाताई, आधी एक सांगा, बाटलीवर काय लिहिलंय? एअरब्रश हे अवजाराचं नाव झालं. त्यातून पाणी-बेसचा रंग जातो, सिलिकॉन-बेसचा जातो आणि अल्कोहोल-बेसचाही जातो. तिघांचे रिमूव्हर वेगळे. लग्नातल्या नवरीला 'एअरब्रश मेकअप' म्हणून जो करतात तो बहुतेक वेळा सिलिकॉन किंवा पाण्याचा असतो. भुताखेतांच्या कामात, जिथे माणूस पाच-सहा तास घामात ओरडतो, तिथे बहुधा अल्कोहोलचा किंवा 'हायब्रिड' म्हणतात तो.

पाण्याचा असेल तर कोमट पाणी आणि सौम्य फेसवॉश, विषय संपला. सिलिकॉनचा असेल तर क्लीन्सिंग बाम किंवा तेलाचं क्लीन्झर. अल्कोहोलचा असेल तर बाळांचे वाइप्स त्याला गुदगुल्या करतात, बाकी काही करत नाहीत. तो बनवलेलाच पाणी आणि घाम झेलायला आहे.

आमच्या मालिकांच्या सेटवर मी बरीच वर्षं हे करतो. नवीन मुलं येतात, चढवण्याचे व्हिडिओ बघून शिकून येतात. उतरवणं कोणी शिकवत नाही, कारण त्याला लाइक्स मिळत नाहीत.

कोलंबसची_कुंदा

रंगपट, बरोबर ओळखलंत. बाटलीवर अल्कोहोल आहे, आणि पाण्याने निघत नाही हेही मोठ्या अभिमानाने लिहिलंय. उतरवायचं काय ते मात्र 'कंपनीचा रिमूव्हर वापरा' एवढंच. त्या रिमूव्हरची छोटी बाटली चाळीस चेहऱ्यांना एक रात्रही पुरणार नाही.

गिरगावकर_अण्णा

एवढं कसलं रिमूव्हर न फिमूव्हर. खोबरेल तेल. आम्ही स्पर्धेच्या नाटकांत ग्रीजपेंट, पॅनकेक, स्पिरिट गमने चिकटवलेल्या मिशा, सगळं खोबरेलाने उतरवलं. रंगपटात एक मोठी बाटली आणि जुन्या धोतराचे तुकडे. तेल चोपडा, दोन मिनिटं गप्प बसा, पुसा, साबण लावा. कातडी तुकतुकीत. अमेरिकेत खोबरेल मिळतं म्हणे, फक्त तिथे ते खातात.

रसायनराव

अण्णांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धं.

ग्रीजपेंट म्हणजे मुळात तेल-मेणात कालवलेला रंग. तेलात तेल विरघळतं, म्हणून खोबरेल झक्कास चालतं. अल्कोहोल-बेसच्या रंगात अल्कोहोल हे फक्त वाहन. कातडीवर पडल्यावर ते उडून जातं आणि मागे रंगद्रव्य धरून ठेवणारा रेझिनचा, म्हणजे राळेसारख्या पदार्थाचा, पातळ, लवचीक पापुद्रा उरतो. तो पाण्याला दाद देत नाही, साध्या तेलाला उशिरा आणि नाखुशीने देतो. एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारी संयुगं) मात्र त्यात चटकन शिरतात आणि त्याला मऊ करतात. रंगभूषावाल्यांच्या बऱ्याच रिमूव्हरमध्ये आयसोप्रोपिल मिरिस्टेट हा एस्टर असतो. रंगहीन, तेलासारखा, जवळजवळ बिनवासाचा, आणि अल्कोहोलसारखा कातडी कोरडी न करणारा. लिटरच्या बाटलीत सुटा मिळतो आणि ब्रँडच्या छोट्या बाटलीपेक्षा बराच स्वस्त पडतो. घेताना कॉस्मेटिक ग्रेडचा घ्या.

गंमत म्हणजे यातलं मिरिस्टिक आम्ल खोबरेल तेलातही असतं, साधारण पाचवा हिस्सा. तेव्हा अण्णांचं तेल अगदीच परकं नाही.

आणि एक व्यावहारिक अडचण. खोबरेल तेल २४ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. ऑक्टोबरच्या मध्यरात्री ओहायोतल्या कोठारात किती तापमान असतं?

कोलंबसची_कुंदा

पाच-सहा अंश, कधी त्याहून खाली. अण्णा, तुमची बाटली तिथे चमच्याने खरवडावी लागेल!

गिरगावकर_अण्णा

मग बाटली काखेत धरून बसायचं. आम्ही नाशकात डिसेंबरात प्रयोग केलेत.

फिलीकर_फाटका

मी फिलाडेल्फियाजवळच्या एका भूतबंगल्यात काही मोसम काम करतोय. दिवसा आयटी, शुक्रवारी-शनिवारी रात्री कापलेला गळा. तेव्हा खुर्चीत बसणाऱ्याच्या बाजूने चार शब्द.

पहिलं म्हणजे उतरवणं चढवण्याच्या आधीच सुरू होतं. आमच्याकडे नियम आहे, दाढी करायची तर आदल्या रात्री, त्याच दिवशी नाही. ताज्या वस्तऱ्यावर अल्कोहोलचा फवारा घेतला की न घाबरवताच किंकाळी येते. दुपारी तोंड धुऊन बिनतेलाचं मॉइश्चरायझर लावायचं आणि ते पूर्ण मुरू द्यायचं. वर बॅरियर क्रीम किंवा बॅरियर स्प्रे. मेरॉन, बेन नाय वगैरे जुन्या रंगभूषा कंपन्यांचे मिळतात. बॅरियर असला की रात्री रंग कातडीला कमी बिलगतो, आणि निळ्या-हिरव्या-लालचे डागही कमी राहतात. हे तीन रंग सगळ्यात चिवट. राखाडी बिचारा गरीब.

दुसरं म्हणजे क्रम. डोळ्यांत रंगीत लेन्स असतील तर हात धुऊन त्या सगळ्यांत आधी काढायच्या, मग मेकअप. उलट केलं तर रिमूव्हर लेन्सखाली जातो. (अवांतर: इथे नुसत्या शोभेच्या लेन्सनाही डॉक्टरची चिठ्ठी लागते, २००५पासून कायद्याने. तरी पोरं पेट्रोलपंपावरून घेऊन येतात.) मग चिकटवलेल्या जखमा, मग चेहरा, मग मान-कान, शेवटी हात. हात आधी पुसले तर परत बरबटतात.

तिसरं, दाढीचा फेस. हसू नका. डब्यातला साधा शेव्हिंग फोम तोंडभर लावायचा, मिनिटभर थांबायचं, ओल्या टॉवेलने पुसायचं. भूतबंगल्यांच्या जगातला हा जुना नुस्खा आहे. क्रीमच्या आणि पाण्याच्या रंगांना उत्तम. अल्कोहोलच्या रंगाला एकट्याने पुरा पडत नाही, पण रिमूव्हरनंतरचा तेलकटपणा काढायला छान.

अवांतर, पण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गावातला ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी हा तुरुंग १८२९मध्ये सुरू झाला आणि १९७१मध्ये बंद पडला. त्या पडक्या कोठड्यांमध्ये १९९१पासून हॅलोविनचा भूतबंगला भरायला लागला आणि तिकिटांच्या पैशांतून इमारतीची डागडुजी होत राहिली. आपल्याकडच्या एखाद्या पडक्या गढीला हे सुचवून बघा.

ठोंब्या

आमच्या गढीत आधीच राहतात. त्यांना मेकअप लागत नाही आणि तिकीटही घेत नाहीत.

नव्याण्णव_टक्के

एवढा काथ्याकूट कशाला? रंग अल्कोहोलचा आहे ना, मग अल्कोहोलनेच काढा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल, कापसावर घ्या, पुसा. दहा सेकंदांत साफ. मी स्केल मॉडेल रंगवतो, एअरब्रशची गन त्यानेच धुतो.

रंगपट

गन धुवा. गनला कातडी नसते.

निघतो हे खरं आहे, नाही म्हणत नाही. कोपरावर, हातावर एखादा डाग राहिला तर मीही कापसाचं टोक बुडवून घेतो. पण सबंध चेहऱ्यावर, तेही पाठोपाठच्या रात्री? कातडीचं स्वतःचं तेल जातं, ती तडतडते, आणि दुसऱ्या दिवशी त्या भेगांत रंग बसतो. मग अजून घासा. डोळ्यांच्या आसपास तर नावच काढू नका.

रसायनराव

शिवाय कोठार लाकडी, गवताच्या पेंढ्या, बाहेर कोणीतरी सिगरेट ओढतंय, आत हीटर. चाळीस माणसं एकाच वेळी ९९ टक्के आयसोप्रोपिलने तोंड पुसतायत. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. तुमचा भूतबंगला अगदी अस्सल होईल.

नव्याण्णव_टक्के

बरं बाबांनो. तुम्ही फवारतानाही तेच अल्कोहोल हवेत उडवता, ते चालतं का?

फिलीकर_फाटका

मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच आमच्याकडे फवारणीच्या खुर्चीमागे पंखा बाहेरच्या दिशेने लावलेला असतो, रंगवणारी मास्क घालते, आणि रंगवून घेणारा डोळे मिटून श्वास रोखतो. हवेचा दाबही अगदी कमी ठेवतात. कुंदा, तुमच्या कोठारात खिडकी उघडी असते का हे नक्की बघा.

सालपट

त्वचेचा डॉक्टर या नात्याने मध्ये पडतो.

कुंदाताईंनी वर्णन केलेलं लाल होणं, चुरचुरणं हे बहुतेक वेळा ॲलर्जी नसतं, घासण्याने आणि रसायनाने झालेला दाह असतो. दोन्हींत फरक आहे. दाह घासलं तिथेच होतो, लगेच होतो, आणि चार-पाच दिवस विश्रांती दिली की बसतो. ॲलर्जी एक-दोन दिवसांनी उगवते, खाज जास्त, आणि रंग लागला नव्हता तिथेही पसरू शकते. दुसरा प्रकार दिसला तर त्या अभिनेत्याला तो रंग परत लावायचा नाही, मग तो कितीही चांगला वेताळ असो.

बाळांच्या वाइप्सविषयी. 'बाळांचे' म्हणून सौम्य असं समजू नका. ओले वाइप्स कुजू नयेत म्हणून घालतात त्यांतलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे द्रव्य अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं. बऱ्याच कंपन्यांनी नंतर ते काढलं, तरी पाकिटावर वाचून घ्या. आणि सुगंधी नकोतच.

नवीन रिमूव्हर आणाल तेव्हा प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस बघा. मोसमाच्या आधी तालमीच्या दिवशीच करून टाका. मुरुमांसाठी रेटिनॉइडची क्रीम लावणाऱ्यांची यादी वेगळी ठेवा. त्यांची कातडी घासणं अजिबात सोसत नाही.

एडिसनची_आई

डॉक्टर, हे माझ्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. मुलगा सतरा वर्षांचा, यंदा भूतबंगल्यात झॉम्बी झालाय. ऑक्टोबरभर कपाळावर पुळ्याच पुळ्या. वर रसायनरावांनी सांगितलेला तो मिरिस्टेट मुरुमं वाढवतो असं वाचलं. खरं का?

सालपट

छिद्रं बुजवणाऱ्यांच्या यादीत तो येतो, हो. पण रात्रभर लावून झोपला तर. रिमूव्हर म्हणून लावून लगेच धुतला तर तेवढा त्रास होऊ नये. अडचण तिथेच असते. पोरं रात्री एक वाजता तेल पुसून तशीच गादीवर पडतात. दुसऱ्यांदा तोंड धुणं चुकवायचं नाही, सौम्य फेसवॉशने, मग साधं बिनसुगंधी मॉइश्चरायझर. खोबरेल तेलालाही हेच लागू. अण्णा, माफ करा, मुरुमवाल्यांना मी खोबरेल देणार नाही.

गिरगावकर_अण्णा

माफ केलं. आम्हाला मुरुमं यायच्या वयात नाटकात घेतच नव्हते, पडदा ओढायला ठेवलं होतं.

रंगपट

डॉक्टरांच्या मुद्द्याला धंद्याच्या बाजूनेही जोड. कातडीवर तेलाचा अंश राहिला तर दुसऱ्या दिवशी अल्कोहोलचा रंग धरतच नाही. दोन तासांत खपल्या सुटतात. मग रंगवणारी म्हणते रंग खराब, अभिनेता म्हणतो घाम आला. खरा घोळ आदल्या रात्रीच्या टेबलावर झालेला असतो. म्हणून मी नेहमी सांगतो, रिमूव्हर दोन टप्प्यांचा. पहिला रंग काढतो, दुसरा पहिल्याला काढतो.

कुडाळचो_झील

आमच्या दशावतारात रंगभूषाकार नसताच. जो तो आपला तोंड आपणच रंगवता. देवळाच्या बाजूक पेटारे उघडून बसतत, एका हातात आरसो, दुसऱ्या हातान सफेदो. राजा, राणी, राक्षस, सगळे शेजारी शेजारी. पहाटे नाटक संपल्यार खोबरेल चोळून पुसतत आणि दुसऱ्या गावच्या जत्रेक जावक गाडीत चढतत. जत्रांच्या दिवसांत रोज हाच.

एक जुन्या दशावतारी काकांका मी हाच विचारलंय. म्हणाले, रंग जातां, पण येळ लागता. तेल लावून तंबाखू मळूची, तंबाखू मळून होयसर रंग सुटता. आता तंबाखू नको म्हणशात, पण थांबूचा तेवढा खरा.

आणि शंकासुराचो फायदो बघा. त्याका काळो मुखवटो, लाल जीभ. नाटक संपला, मुखवटो काढलो, चललो घरी.

रंगपट

झिला, लाख बोललास. 'थांबणं' हेच कोणी करत नाही. रिमूव्हर लावला की लगेच खसाखसा. लावा, बोटांनी गोल फिरवा, मिनिट-दीड मिनिट सोडा, मग पुसा. रंग रिमूव्हरनेच सुटला पाहिजे, टॉवेलने नाही. टॉवेलचं काम फक्त उचलायचं.

धुळवड_धुंद

अवांतर. होळीला तोंडाला फासतात तो चंदेरी ऑइलपेंट काढायला आमच्या चाळीत रॉकेल वापरायचे. खालच्या मजल्यावरच्या काकू स्टोव्हसाठी ठेवलेलं रॉकेल फडक्यावर ओतून द्यायच्या. निघायचा पण मस्त. नंतर आठवडाभर माणूस शिसपेन्सिलीसारखा चकाकायचा.

सालपट

कृपा करून कोणी करू नका. रॉकेलने कातडीला भाजल्यासारखा दाह होतो. ऑइलपेंट हा मुळातच कातडीसाठी नाही, त्याच्यावरचा उपाय तो न लावणे.

ठोंब्या

डॉक्टरांनी धाग्यावर पाणी ओतलं. निदान रॉकेल तरी ओतायचं.

हॅम्पशायरहून_हेमा

फवारणी, रेझिन, एस्टर वाचून मजा वाटली. आमच्या इथे लिपहुकजवळ हॉलीकोम्बच्या संग्रहालयात १९१५ सालचं एक भूतघर आहे, वाफेवर चालणारं. ऑर्टन अँड स्पूनर या जत्रेच्या यंत्रांच्या कारखान्याने केलेलं. हलणाऱ्या फरशा, अंधार, अचानक वारा. तिथे रंगवलेली माणसं नव्हती, त्यामुळे उतरवायचाही प्रश्न नव्हता. माणसं उभी करून घाबरवण्याचा मोठा धंदा अमेरिकेतच वाढला. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने १९७३मध्ये हॅलोविनच्या रात्री सुरू केल्या, त्या अजून चालतात.

प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. वाचनखूण साठवली.

पुणेरी_पाटी

एक भाबडा प्रश्न. भूत व्हायला पैसे देतात की घेतात?

फिलीकर_फाटका

देतात, पण कानामागचा हिरवा रंग काढायला घेतलेल्या रिमूव्हरात जातात.

दाढीवाला_दत्तू

दाढीचं कोणी बोलेना म्हणून मीच. ऑस्टिनला एका भूतबंगल्यात लाकूडतोड्या होतो, कुऱ्हाडीसकट. एअरब्रशचा धूर दाढीच्या मुळाशी जाऊन बसतो. वरून काळी दिसते, उशीवर निळी उतरते. उपाय म्हणजे फवारण्याआधीच दाढीला केसांचा कंडिशनर अगदी थोडा चोळून घ्यायचा, कडेच्या कातडीला लागू न देता. नंतर रिमूव्हर दात घासायच्या मऊ ब्रशवर घेऊन केसांच्या दिशेने ओढायचा. भुवयांनाही तेच, फक्त डोळे घट्ट मिटून आणि ब्रश जवळजवळ कोरडा करून. शेवटी बेबी शाम्पू.

लेटेक्सच्या जखमा तर दाढीवर चिकटवू देऊच नका. मेणाची पट्टी ओढल्यासारखे केस येतात.

रंगपट

दत्तूंना अनुमोदन. लेटेक्स आणि चिकटवण्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मूळ प्रश्नात होतं.

आधी विचारा, जखम कशाने चिकटवली? स्पिरिट गम असेल तर त्याचा रिमूव्हर. प्रॉस-एड असेल तर तो ॲक्रिलिक डिंक आहे, मिरिस्टेटचा रिमूव्हर त्याला चालतो, त्यामुळे तुमची एकच बाटली दोन कामं करेल. सिलिकॉनचा वैद्यकीय डिंक असेल तर त्याच्याच कंपनीचा घ्या, तिथे काटकसर नको. कधीही कडा धरून ओढायची नाही. चपटा ब्रश रिमूव्हरात बुडवून कडेखाली सारायचा, सुटेल तेवढंच उचलायचं, परत सारायचं. नुसतं द्रव लेटेक्स लावलं असेल तर तेल आणि कोमट ओला कपडा. तेलाने लेटेक्स कमजोर होतं.

त्याच कारणाने टेबलावर काम करणाऱ्याने लेटेक्सचे हातमोजे घालू नयेत. तेल लागून फाटतात, शिवाय कोणाला लेटेक्सची ॲलर्जी असू शकते. नायट्राइलचे घ्या.

एडिसनची_आई

आणि अंधारात चमकणारे रंग? मुलाच्या झॉम्बीला निऑन पट्टे आहेत.

फिलीकर_फाटका

अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली उजळणारे ना? एफडीएच्या (इथल्या अन्न-औषध खात्याच्या) नियमांत सौंदर्यप्रसाधनांना चालणारे फ्लुओरेसंट रंग मोजकेच आहेत आणि त्यातला एकही डोळ्यांजवळ लावायला मान्य नाही. पट्टे गालाच्या हाडाखाली ठेवायला सांगा. उतरवायला बाकी रंगांसारखेच. फक्त उतरला की नाही ते अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने तपासता येतं, हा फायदा. आमच्याकडे एक टॉर्च त्यासाठीच टांगलेली असते. नाहीतर पोरगा साफ समजून घरी जातो आणि बॉलिंग ॲलीत कपाळ पेटतं.

कोलंबसची_कुंदा

सगळ्यांचे आभार. काल रात्री काय मांडलं ते सांगते, अजून सुचवा.

मिरिस्टेटची मोठी बाटली मागवली. ज्यांची डॉक्टरांनी सांगितलेली कोपरावरची चाचणी (पॅच टेस्ट) झाली त्यांनाच दिलं, बाकीच्यांना क्लीन्सिंग बाम आणि भरपूर वेळ. छोट्या पंपाच्या बाटल्यांत भरून दर दोन खुर्च्यांमागे एक ठेवली, म्हणजे बरबटलेला हात मोठ्या बाटलीला लागत नाही. रंगपटांचा 'लावा आणि थांबा' कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आरशावर चिकटवला. कोणी वाचला नाही, मग मीच ओरडत फिरले. गरम पाण्याचा प्रश्न असा सोडवला की स्लो कुकरमध्ये थोडं पाणी घालून ओल्या टॉवेलांच्या गुंडाळ्या ठेवल्या. त्या शेतावर आमटी त्यातच करतात, पण मी घरून वेगळा नेला. टॉवेल द्यायच्या आधी माझ्या मनगटावर लावून बघायचे. गार कोठारात गरम टॉवेल मिळाल्यावर एका सहा फुटी राक्षसाने मला 'थँक यू, मॅम' म्हणत डोळे मिटले, ते पाच मिनिटं उघडलेच नाहीत.

वाइप्स फक्त हातांसाठी ठेवले, बिनसुगंधी. डोळ्यांजवळ बाम आणि कापसाच्या काड्या. शेवटी फेसवॉश, आणि ज्यांना तिथे धुवायचं नाही त्यांच्या हातात एकदाच्या वापराची पुडी.

गाल या वेळी कोणाचे सोलले नाहीत. पण कानाच्या पाळीमागचा हिरवा अजून हट्टी आहे. आणि रांग फार लागते. सगळे बारा वाजता एकदमच सुटतात.

फिलीकर_फाटका

कानामागे बॅरियर लावायला सगळे विसरतात. फवारा लागतो, पण क्रीम लावताना हात तिथे जात नाही. फवारणाऱ्या बाईंनाच सांगा, कानाची मागची बाजू रंगवायची गरजच नाही, अंधारात कोण बघतंय? रांगेसाठी चिकटवलेल्या जखमांवाल्यांना वेगळी खुर्ची द्या. त्यांना पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि बाकीचे त्यांच्यामागे ताटकळतात.

पुणेरी_पाटी

जखमींना वेगळी रांग. म्हणजे सरकारी दवाखान्यापेक्षा बरी व्यवस्था.

रसायनराव

कुंदाताई, वापरलेल्या टॉवेलांचं काय करता?

कोलंबसची_कुंदा

पिशवीत भरून घरी आणते, वॉशिंग मशीन, मग ड्रायर. का?

रसायनराव

मिरिस्टेटची फारशी चिंता नाही. पण कोणी घरून ऑलिव्ह, तीळ, सूर्यफूल असलं तेल आणून त्यानेच पुसत असेल तर सांभाळा. वनस्पती तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडतात. धुऊनही थोडं तेल कापडात राहतं. ड्रायरमधून गरमागरम काढून ढीग करून ठेवलं तर ती उष्णता आतच कोंडते. मसाज पार्लर आणि हॉटेलांच्या लॉन्ड्रीत अशा आगी लागलेल्या आहेत. गरम पाणी आणि भरपूर डिटर्जंट, दोनदा धुवा. ड्रायरचं शेवटचं गार हवेचं चक्र पूर्ण होऊ द्या आणि टॉवेल पसरून ठेवा. अल्कोहोल लागलेलं कापड असेल तर ते आधी उघड्यावर पूर्ण वाळवा, ओलं ड्रायरमध्ये मुळीच नाही.

खोबरेल यात त्यातल्या त्यात निरुपद्रवी, कारण ते फार कमी ऑक्सिडाइज होतं. अण्णांना एक गुण.

गिरगावकर_अण्णा

नोंद घेतली. आता टॉवेल काळे घ्या. पांढरे पहिल्याच धुण्यात पंचरंगी होतात आणि मग घरातली बाई म्हणते हे माझे नव्हेत.

कोलंबसची_कुंदा

अण्णा, घरातली बाई मीच आहे! काळे दोन डझन आजच मागवते.